शपथ वॉशिंग्टनला, पाळी अक्कलकोट रोडला

२० जानेवारी २०२५ च्या सोमवारी वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झाले होते. डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा शपथ घेत होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्या वेळी रात्रपाळी असते. मागाच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे परदेशातल्या शपथेचे शब्द कुठून ऐकू येणार? आणि आले असते तरी ‘आपल्याला काय त्याचं’ असंच कोणीही म्हटलं असतं.

परक्या देशाच्या नेत्याने शपथ घेतली तर इतर देशांतल्या माणसांना फरक पडतो का, या प्रश्नाची दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं वाहिन्यांवरच्या चर्चेतलं: जग आता जवळ आलंय, कुठेही काही झालं तरी सगळ्यांना झळ बसते. दुसरं पारावरचं: राजा कोणीही असो, आपल्या मागचं काम काही चुकत नाही. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. फरक पडतो, कधीकधी फार पडतो. पण तो शपथेचा नसतो, शपथेनंतरच्या सहीचा असतो. ती सही सोलापुरापर्यंत पोचताना मध्ये कायदा, कस्टम, व्यापारी, मालक आणि मुकादम असतात, आणि कोणाला किती लागेल हे बरंचसं त्या मधल्या वाटेवर ठरतं. आणखी एक गोष्ट जुने दाखले पाहताना दिसते. परदेशातल्या शपथविधीला इथे फटाके वाजवणाऱ्यांच्या पदरात सहसा काही पडत नाही, आणि ज्यांच्या ताटापर्यंत तो खरोखर पोचतो त्यांना त्याची तारीखही ठाऊक नसते.

आधी टॉवेल बघू. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत आहे. चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि आज एमआयडीसीतले बरेच कारखाने टॉवेलच काढतात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक पद्मशाली घरांनी हातमागावरून यंत्रमागावर आणि यंत्रमागावरून रॅपियर मागावर नेलेला हा धंदा. टेरीच्या मागावर ताण्याची दोन बिमं लागतात. एक घट्ट ताणलेलं, त्यावर कापडाची जमीन उभी राहते. दुसरं सैल सोडलेलं, त्याचे फास वर येतात आणि तेच पाणी शोषतात. मागावरून उतरलेला माल डाइंगला जातो, मग कटिंग, चारी बाजूंची शिलाई आणि शेवटी तपासणी. तपासणीला बहुतेक बाया असतात. हातात छोटी कात्री, पुढ्यात ढीग; सुटलेला प्रत्येक धागा कापायचा, डाग दिसला की टॉवेल बाजूला टाकायचा. निर्यातीचा माल असेल तर कडेला गिऱ्हाइकाचं लेबल शिवलेलं असतं. हे लेबल लहान दिसतं, पण एकदा ते लागलं की तो टॉवेल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. ऑर्डर रद्द झाली तर आधी ते उसवावं लागतं, आणि उसवलेल्या जागेची भोकं दिसतात म्हणून भाव पडतो तो वेगळाच.

आता सह्या. शपथेच्याच दिवशी ट्रम्प यांनी ‘अमेरिका फर्स्ट’ व्यापारधोरणाच्या आदेशावर सही केली. त्याने लगेच काही झालं नाही. २ एप्रिलला भारतीय मालावर २६ टक्के ‘प्रत्युत्तर’ शुल्क जाहीर झालं. ९ एप्रिलला ते नव्वद दिवसांसाठी थांबवलं आणि १० टक्के ठेवलं. ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झालं. रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून, म्हणजे एकूण ५०. अमेरिकेत सुती टेरी टॉवेलवर आधीचंच ९.१ टक्के शुल्क होतं. म्हणजे शंभर रुपयांच्या टॉवेलला अमेरिकेच्या बंदरात शिरायला एकोणसाठ रुपये जास्त. त्याच महिन्यात पाकिस्तानच्या मालावर जादा शुल्क १९ टक्के होतं आणि बांगलादेशच्या मालावर २०. टॉवेलच्या धंद्यात पाकिस्तान आपला जुना प्रतिस्पर्धी. कराचीचा टॉवेल आणि सोलापूरचा टॉवेल यांत अमेरिकन खरेदीदाराला फारसा फरक दिसत नाही, भावातला फरक मात्र लगेच दिसतो. पुढे हे आकडे बदलले, खालीही आले. पण ज्या मालाचं सूत महाग भावात घेतलं होतं, त्याला ते सांगून काय उपयोग?

२७ ऑगस्टपासून लागू झालेल्या आदेशात एक पोटकलम होतं. त्या मुहूर्ताआधी बोटीवर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत उतरलेला माल जादा शुल्कातून सुटत होता. निर्यातदाराला ट्रम्प यांच्या शपथेची तारीख पाठ नसेल, ही तारीख त्याने खडूने भिंतीवर लिहिली असती. न्हावाशेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायला साधारण महिना लागतो, म्हणजे ज्याचा कंटेनर ऑगस्टच्या मध्याला निघाला तो वाचला आणि ज्याचा डाइंगला अडकला तो मेला. याला म्हणतात फरक पडणं.

पण इथे थोडं थांबायला हवं, कारण सोलापूरचा सगळा टॉवेल काही अमेरिकेला जात नाही. बराचसा देशातच खपतो, उरलेला आखातात, आफ्रिकेत, युरोपात आणि अमेरिकेत. अमेरिकेच्या दुकानांना थेट माल देणाऱ्या देशातल्या बड्या कंपन्या गुजरातेत आणि पंजाबात आहेत, आणि त्यांच्यापुढे अक्कलकोट रोडचे कारखाने लहान. म्हणून ‘आमचं अमेरिकेशी देणंघेणं नाही’ असं म्हणणारा कारखानदारही इथे भेटेल. त्याला मी एवढंच म्हणेन की मोठ्या मासळीचं तळं आटलं की ती तुमच्या डबक्यात येते. अमेरिकेचा दरवाजा किलकिला झाला की बड्यांचा माल दुबईकडे आणि दिल्लीच्या घाऊक बाजाराकडे वळतो. मग भाव पाडून मागणारा व्यापारी सोलापूरच्या मालकाला फोन करतो, मालक मुकादमाला सांगतो, आणि मुकादम मागवाल्याला म्हणतो, “अण्णा, पुढच्या आठवड्यापासून एकच पाळी.” मागवाल्याचा पगार विणलेल्या मालावर असतो. पाळी गेली की पगार गेला, आणि उचल घेतलेली असेल तर ती अंगावर राहिली. या साखळीत वॉशिंग्टनचं नाव कोणीही घेत नाही.

औषधांच्या गोळ्यांना मात्र त्या शुल्कातून सूट होती. म्हणजे त्याच शपथेने गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्याला हात लावला नाही आणि सोलापूरच्या टॉवेलला लावला. ‘भारतावर परिणाम’ असं जे मथळ्यात छापतात, त्याचा अर्थ मला कधी कळलेला नाही.

उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर सगळं माप त्या एका माणसाच्या पदरात टाकल्यासारखं होईल. गेल्या पन्नास वर्षांत भारताच्या कापडधंद्याला सर्वांत मोठा धक्का आणि सर्वांत मोठी मोकळीक ज्या दिवशी मिळाली, त्या दिवशी कुठेही शपथविधी नव्हता. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कापडावर देशवार कोटा लावला होता. कोणी किती माल पाठवायचा ते मोजून ठरायचं. १ जानेवारी २००५ ला हा कोटा संपला, जागतिक व्यापार संघटनेच्या कराराप्रमाणे, दहा वर्षं आधी ठरल्याप्रमाणे. युरोपात तर आणखी शांतपणे झालं. १ जानेवारी २०१४ पासून युरोपीय संघाने पाकिस्तानला विशेष सवलत दिली आणि तिथला टॉवेल विनाशुल्क शिरू लागला, आपल्या टॉवेलवर शुल्क राहिलं. ब्रसेल्समधल्या त्या नियमाला ना मिरवणूक होती ना भाषण. अक्कलकोट रोडवर कोणाचं नाव घेऊन बोटं मोडावीत, असं कोणी नव्हतंच. माझ्या मते अशा निनावी कागदांनी सोलापूरचं जेवढं केलं, तेवढं कोणत्याही अध्यक्षाने केलेलं नाही. अध्यक्षाला चेहरा असतो म्हणून तो लक्षात राहतो.

आणि तरीही एका अध्यक्षाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अब्राहम लिंकन यांनी ४ मार्च १८६१ ला शपथ घेतली. तार अजून हिंदुस्थानला जोडलेली नव्हती. बातमी बोटीने आली. सोलापुरात रेल्वे येऊन जेमतेम वर्ष होत होतं. लिंकन हे नाव इथे कोणी ऐकलं असण्याचं कारण नाही. एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. पुढची चार वर्षं मुंबईत पैशाला तोटा नव्हता. बॅक बेच्या भरावाचे शेअर वाटेल त्या भावाने विकले गेले, प्रेमचंद रायचंद कापसाचा राजा झाला, आणि त्याच्या देणगीतून पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. खानदेश-वऱ्हाडात कापसाखालची जमीन वाढली. सावकार शेतकऱ्याच्या दारात येऊन कर्ज देऊ लागला, कारण पीक हातात येण्याआधीच त्याची किंमत होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. भाव कोसळला. १ जुलैला मुंबईत वायद्यांची मुदत भरली तेव्हा एकामागून एक पेढ्या बसल्या. शेतकऱ्याकडे कर्ज राहिलं. त्यातच सरकारने फेरआकारणी करून काही तालुक्यांत सारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि ते लोण नगरपर्यंत गेलं. चौकशी आयोगाने कारणांमध्ये अमेरिकेच्या युद्धाचं नाव घेतलं. पुढच्या इतिहासकारांत मात्र यावर वाद आहे, आणि तो योग्यच आहे: दंगे झालेल्या गावांत कापूस बेताचाच होता, साऱ्याचं आणि सावकारीचं ओझं जुनं होतं. १८७९ चा जो शेतकरी संरक्षण कायदा झाला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे वॉशिंग्टनच्या शपथेपासून सोलापूरच्या शेतकऱ्याच्या गहाणखतापर्यंत एक धागा नक्की जातो. फक्त त्याला मध्ये इतक्या गाठी आहेत की लिंकनचं श्रेय किंवा दोष किती, हे कोणी मोजू शकणार नाही. शिवाय दक्षिणेतली सात राज्यं लिंकननी शपथ घेण्याआधीच फुटली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्याच युद्धाचा दुसरा धागा पुण्यात पोचला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. सावकाराच्या वहीपेक्षा हा धागा कमी खरा आहे असं मी म्हणणार नाही. परदेशातली घटना पोटाला लागते तशी डोक्यालाही लागते. फरक एवढाच की फुल्यांनी ती स्वतः निवडून घेतली, शेतकऱ्यावर ती येऊन पडली.

परदेशातलं ‘आपल्या बाजूचं’ सरकार आलं की आशा वाढतात. सोलापूरने याची किंमत मोजलेली आहे. जून १९२९ मध्ये लंडनमध्ये रॅम्से मॅकडोनाल्ड यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं. हिंदुस्थानविषयी सहानुभूती दाखवणारा, कामगारांच्या पक्षाचा पंतप्रधान. गिरणगाव असलेल्या शहराने आणखी काय मागावं? अकरा महिन्यांनी, मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही, आणि मग लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्या दिवशीही लंडनमध्ये मजूर पक्षाचंच सरकार होतं. पुढे १९४५ मध्ये त्याच पक्षाचे अ‍ॅटली आले तेव्हा मात्र दोन वर्षांत सत्तांतर झालं. पक्ष तोच होता. मधल्या काळात ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती आणि इथली माणसं बदलली होती.

फटाक्यांचंही बघू. १४ जून २०१७ ला लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. गावाला अभिमान वाटला, २०१९ च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह गावात येऊनही गेले. छान झालं. त्यापलीकडे वराडच्या शेतीला, रस्त्याला किंवा डब्लिनला शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या व्हिसाला काही झालं असं दिसत नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं. मडगावशी नातं असलेले आंतोनियु कोश्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा गोव्यातही कौतुक झालं. पण गोव्याला लिस्बनमधली जी घटना खरोखर लागली ती एप्रिल १९७४ ची. सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारात मान्य केलं. त्यासाठी त्या अधिकाऱ्यांचं मूळ गाव गोव्यात असावं लागलं नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांचा हिशेब वेगळा, कारण ती परदेशात असूनही त्या सहीच्या थेट टप्प्यात आहेत. २० जानेवारी २०२५ च्याच सह्यांत जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा आदेश होता: आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर महिन्याभरानंतर जन्मणारं मूल नागरिक नाही. न्यू जर्सीत बाळंतपणाची वाट पाहणाऱ्या मराठी जोडप्याला ही राजकीय बातमी नव्हती, तारीख होती. तीन दिवसांनी एका न्यायाधीशाने आदेश रोखला. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा सुट्टीवर पुण्याला आलेल्यांना कंपन्यांचे निरोप आले, लगेच परत या. मग खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना ते लागू नाही. एवढी धावपळ झाली, पण ज्या गोष्टीने या घरांचं आयुष्य सर्वांत जास्त अडवून धरलं आहे ती ग्रीन कार्डची रांग. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही, ही मर्यादा १९९० च्या कायद्यातली. त्यानंतर नऊ शपथविधी झाले. दोन्ही पक्षांचे अध्यक्ष आले, गेले. रांग हलली नाही.

शेजारची शपथ मात्र आपण नीट बघत नाही. ८ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यात मुहम्मद युनूस यांनी हंगामी सरकारच्या प्रमुखपदाची शपथ घेतली. सोलापूरची बाजार समिती कांद्याची मोठी पेठ, आणि बांगलादेश आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. तिथे आयातीचे परवाने सुटले की इथे भाव हलतो, अडकले की गाड्या यार्डात उभ्या. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने जमिनीच्या मार्गाने भारतीय सूत घेणं बंद केलं, मे महिन्यात दिल्लीने त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीच्या मार्गाने बंदी केली. ढाक्यातली उलथापालथ वाहिन्यांनी तासन्‌तास दाखवली, पण कांद्याच्या आणि सुताच्या अंगाने ती बघायची सवय आपल्याला नाही.

आता पुन्हा एमआयडीसीत. १८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणारी मालकाच्या घरची माणसं आणि कामगाराचं कुटुंब मिळून आठ जण गेले. त्या वेळी अमेरिकेचं जादा शुल्क दहा टक्क्यांवर थांबलेलं होतं. सूत आणि कापूस भरलेल्या इमारतीत माणसांनी राहावं का, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, अग्निशामक बंबाला पाणी किती दूर, हे प्रश्न सोडवायला कुठल्याही परदेशी नेत्याची सही लागत नाही. मागवाल्यांच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी जमा करायचा की नाही, हा इथला वादही तसाच जुना, तसाच घरचा. ज्या मागवाल्याच्या नावावर निधी जमा आहे, त्याची एक पाळी गेली तर तो दोन महिने कळ काढतो. ज्याच्या नावावर काहीच नाही, तो त्याच आठवड्यात सावकाराकडे जातो. ट्रम्प दोघांना सारखेच.

दिल्लीने ऑगस्टमध्ये जो उपाय केला त्यानेही हेच दिसलं. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. सूत स्वस्त व्हावं, टॉवेलवाल्याला श्वास घेता यावा, म्हणून. कापड गिरण्यांनी स्वागत केलं. पण यवतमाळ-अकोल्याचा कापूस दसऱ्यापासून बाजारात येतो, म्हणजे सवलतीचे शेवटचे तीन महिने नेमके त्याच्या वेचणीचे. मध्यम धाग्याचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ७,७१० रुपये होता, आणि व्यापारी त्याखालीच बोलत होते. सोलापूरचा मागवाला आणि वऱ्हाडचा कापूसवाला यांना एकमेकांसमोर उभं करणारी ती सही अमेरिकेत झालेली नव्हती. तीन महिने वाढवून द्यायचे की नाहीत, आणि दिले तर कापूसवाल्याला खरेदी केंद्रावर काय द्यायचं, हे दिल्लीतच ठरत होतं, आणि त्यासाठी तिथल्या कोणालाही नव्याने शपथ घ्यावी लागली नाही.